मेंदू घडवणाऱ्या पेशींच्या मागावर : डॉ. शुभा टोळे यांची वाटचाल

(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दहावी-बारावीनंतर काय, या विषयावर आपल्या वस्तीत दरवर्षी एक तरी सभा होते. आयटीआय, डिप्लोमा, इंजिनिअरिंग, बँकेची परीक्षा, पोलीस भरती यांची माहिती आपल्याला आता तोंडपाठ झाली आहे. टेल्कोत कोणत्या खात्यात किती घाम गाळावा लागतो, आकुर्डीला कोणत्या पाळीला बस मिळते, चाकणच्या कंपन्यांत कंत्राटी कामगाराच्या हाती काय पडते, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पण एखादी मुलगी बी.एस्सी. होऊन म्हणाली, "मला पेशींवर संशोधन करायचे आहे," तर घरात शांतता पसरते. आई विचारते, "म्हणजे नोकरी कुठली?" आणि मुलीला उत्तर देता येत नाही, कारण तिच्याही डोळ्यांसमोर कोणी नसते.

म्हणून आज आम्ही फार व्यापक बोलणार नाही. एकाच शास्त्रज्ञ बाईंची वाटचाल आपल्यापुढे ठेवणार आहोत. त्यांचे नाव डॉ. शुभा टोळे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टी.आय.एफ.आर.मध्ये, गर्भात मेंदू कसा तयार होतो याचा शोध त्यांनी घेतला.

त्याआधी आपल्या गावाबद्दल थोडे. पिंपरीचा आणि पेशींचा काय संबंध, असे कोणाला वाटेल. संबंध आहे, आणि जुना आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. एच.ए. म्हणून आपण ज्या कंपनीला ओळखतो तीच ही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने इथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. पुढे कंपनीला वाईट दिवस आले, ते सर्वांना माहीत आहे. पण तिथे नुसती औषधे भरली जात नव्हती, संशोधनही होत होते. हमायसिन नावाचे बुरशीनाशक औषध याच प्रयोगशाळेत सापडले, आणि ते ज्या सूक्ष्म जिवापासून मिळाले त्याचे शास्त्रीय नाव आहे स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या पिंपरीचे नाव असे जीवशास्त्राच्या पुस्तकात कायमचे बसले आहे. आणखी एक गोष्ट. शरीराबाहेर, काचेच्या वा प्लॅस्टिकच्या भांड्यात पेशी वाढवायच्या असतील तर त्यांच्या द्रवात जंतू शिरू नयेत म्हणून पेनिसिलीन आणि स्ट्रेप्टोमायसिन घालण्याची पद्धत जगभर आहे. म्हणजे पेशीविज्ञानाच्या प्रयोगशाळेत गेलेल्या आपल्या मुलाला तिथे अगदीच परके वाटायला नको.

आता मूळ विषय.

शुभा टोळे यांचा जन्म १९६७ सालचा. आई ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात, जीवशास्त्र आणि जीवरसायन या विषयांत. त्यानंतर अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे कॅलटेक. तिथे पॉल पॅटरसन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. केली. मग शिकागो विद्यापीठात एलिझाबेथ ग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेत पीएच.डी.नंतरचे संशोधन. १९९९ साली त्या भारतात परत आल्या आणि टी.आय.एफ.आर.मध्ये त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभी केली.

चार ओळींत सांगितले, पण त्यात पंधरा वर्षे गेली. स्वतःची प्रयोगशाळा मिळाली तेव्हा त्यांचे वय होते बत्तीस. आपल्याकडे बत्तिसाव्या वर्षी माणसाची दोन मुले शाळेत असतात आणि सोसायटीचे कर्ज अर्धे फिटलेले असते. या मुद्द्याकडे आम्ही पुन्हा येऊ, कारण खरी अडचण तिथेच आहे.

परत येऊन त्यांनी कोणता प्रश्न हाती घेतला? आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. सुरुवात मात्र गर्भातल्या पेशींच्या एका पातळ पापुद्र्यापासून होते. त्यातल्या पेशी दिसायला सारख्याच. मग त्यातल्या काही पेशी विचार करणाऱ्या भागाच्या, काही वास ओळखणाऱ्या भागाच्या आणि काही स्मरणशक्तीच्या भागाच्या कशा होतात? कोण त्यांना सांगतो?

स्मरणाच्या भागाला हिप्पोकॅम्पस म्हणतात. हा शब्द समुद्रघोड्याचा, कारण कापून पाहिले तर आकार तसा दिसतो. त्याचे महत्त्व कळले ते एका दुर्दैवी माणसामुळे. अमेरिकेतील हेन्री मोलायसन या तरुणाला फिट्स यायच्या. १९५३ साली शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढला. फिट्स कमी झाल्या, पण नवी आठवण साठवण्याची शक्तीच गेली. पाच मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस त्याला पुन्हा नवा. २००८ मध्ये मरेपर्यंत तो असाच जगला. ज्या घरात विस्मरणाचा आजार झालेली आजी आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. अल्झायमरमध्ये हाच भाग लवकर झिजतो.

आता हा हिप्पोकॅम्पस गर्भात जिथे तयार होतो, त्याच्या अगदी कडेला पेशींची एक बारीक पट्टी असते. तिला नाव दिले आहे 'कॉर्टिकल हेम'. हेम म्हणजे कपड्याची दुमडून शिवलेली कड. आपल्या भगिनी फॉल-पिकोचे काम करतात, त्यांना ही उपमा चटकन कळेल. या पट्टीतून काही रासायनिक संकेत बाहेर पडतात. १९९८ साली ग्रोव्ह, टोळे आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात या पट्टीची ओळख पटवलेली आहे. प्रश्न असा होता की शेजारच्या पेशींना "तुम्ही हिप्पोकॅम्पस व्हा" हा हुकूम ही पट्टीच देते काय?

अशा हुकूम देणाऱ्या पेशींचा शोध जुना आहे. जर्मनीत हान्स स्पेमान आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मॅनगोल्ड यांनी १९२४ साली दाखवले की सरड्यासारख्या दिसणाऱ्या एका उभयचर प्राण्याच्या गर्भातला छोटासा तुकडा दुसऱ्या गर्भात बसवला, तर तिथे शरीराची दुसरी घडण सुरू होते. स्पेमान यांना १९३५ साली नोबेल मिळाले. प्रयोग जिने हातांनी केले ती हिल्डे मात्र १९२४ सालीच, निबंध छापून येण्याच्या सुमारास, स्टोव्हच्या भडक्यात भाजून वारली. विज्ञानाच्या इतिहासात अशी अर्धवट राहिलेली नावे बरीच आहेत, आणि त्यांत बायकांची अधिक. हे आम्ही मुद्दाम नोंदवतो.

टोळे यांच्या गटाने आणि अमेरिकेतील सहकाऱ्यांनी मिळून याचे उत्तर शोधले. पेशींमध्ये 'एलएचएक्स-२' नावाचे एक जनुक असते. उंदराच्या गर्भात काही पेशींत हे जनुक चालू आणि काही पेशींत बंद, असे मिश्र मेंदू त्यांनी तयार केले. जिथे जिथे जनुक बंद होते, तिथली पेशींची बेटे 'हेम' बनली. आणि प्रत्येक बेटाच्या शेजारच्या निरोगी पेशींनी हिप्पोकॅम्पसचे रूप घेतले! एका मेंदूत एकाऐवजी अनेक हिप्पोकॅम्पस. म्हणजे हुकूम देणारी पट्टी हीच, आणि मेंदूच्या बाकीच्या पेशींना 'हेम' होण्यापासून अडवून ठेवणारा पहारेकरी एलएचएक्स-२. हा पहारा ठराविक मुदतीतच लागतो. ती मुदत उलटली की पेशींचे ठरलेले असते, मग जनुक काढले तरी त्या 'हेम' होत नाहीत. हे काम २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात आले. १९९८ चा प्रश्न, २००८ चे उत्तर. मध्ये दहा वर्षे. पुढे २०११ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले की हेच जनुक आणखी एक निवड ठरवते : हिप्पोकॅम्पसमधली पेशी चेतापेशी होणार की चेतापेशींना आधार देणारी पेशी होणार.

कोणी विचारेल, याने एखादा रोगी बरा झाला का? प्रामाणिक उत्तर असे की, अजून नाही. घर कसे बांधले हे कळल्याशिवाय भिंतीला तडा का गेला हे सांगता येत नाही. हे काम बांधणीचे आहे. आणि सरकारने अशा कामाला पैसा द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. १९६२ साली होमी भाभांनी ओबेद सिद्दिकी यांना बोलावून भौतिकशास्त्राच्या संस्थेत जीवशास्त्राचा विभाग सुरू केला नसता, तर टोळे यांना परत येऊन काम करायला जागा कुठली होती?

पुढे मानसन्मान आले. २०१० चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक, २०१४ चे इन्फोसिस पारितोषिक. त्या कथकही शिकलेल्या आहेत. त्यांच्याच विभागात डॉ. विदिता वैद्य आहेत, त्याही झेवियर्सच्या. पिल्लाला लहानपणी आईपासून रोज काही तास दूर ठेवले तर मोठेपणी त्याच्या मेंदूवर आणि भीतीवर काय परिणाम होतो, अशा प्रश्नांवर त्यांचे काम आहे. त्यांना २०२२ चे इन्फोसिस पारितोषिक मिळाले. मुले वाढवणाऱ्या प्रत्येक घराने या विषयाकडे लक्ष द्यावे असे आम्हाला वाटते.

आता जे मघाशी राखून ठेवले ते. टोळे यांचे घर शिकलेले, कॉलेज मुंबईचे, भाषा इंग्रजी. आपली मुले ज्या रेषेवरून धावायला सुरुवात करतात ती रेषा बरीच मागे आहे. हे न सांगता नुसते "तुम्हीही असे व्हा" म्हणणे हा मुलांवर अन्याय आहे. बी.एस्सी. तीन-चार वर्षे, एम.एस्सी. दोन, पीएच.डी. पाच-सहा, त्यानंतरचे संशोधन तीन-चार. वडील कंत्राटावर, थोरला भाऊ चाकणला बारा तास उभा, आणि धाकटी तिशीपर्यंत शिकते आहे. शेजारीपाजारी विचारणारच.

पण यातली एक गोष्ट बहुतेक पालकांना माहीत नसते. पीएच.डी.ला फी भरून शिकायचे नसते, शिष्यवृत्ती मिळवून शिकायचे असते. सी.एस.आय.आर.-यू.जी.सी.ची नेट परीक्षा जे.आर.एफ.सह उत्तीर्ण झाले की पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची वेगळी राष्ट्रीय फेलोशिप आहे, पुण्याच्या बार्टीची फेलोशिप आहे, आणि परदेशी जाण्यासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. पैसे वेळेवर येतातच असे नाही. कोणा कार्यालयाचे नाव घेत नाही, पण सहा-सहा महिने वाट पाहिलेली मुले आम्हाला माहीत आहेत. तेवढ्या काळाची तजवीज घराने आधीच करावी, आणि आपल्या संस्थेने त्यासाठी एक छोटा निधी उभा करावा, अशी सूचना आम्ही अध्यक्षांपुढे ठेवतो. परत करायच्या बोलीवर सहा महिन्यांचे खर्चाचे पैसे मिळाले, तर एक विद्यार्थी शिक्षण सोडण्यापासून वाचतो.

दार बंद असताना काय करावे, याचे एक उदाहरण इटलीचे आहे. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी या ज्यू डॉक्टर. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी त्यांना विद्यापीठातून बाहेर काढले. त्यांनी घरातल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या चेतापेशी पाहत राहिल्या. त्या कामाच्या पायावर पुढे चेतापेशी वाढवणारा घटक सापडला आणि १९८६ साली त्यांना नोबेल मिळाले. जन्मावरून माणसाला विद्येपासून दूर ठेवणे म्हणजे काय, हे या सभागृहात समजावून सांगण्याची गरज नाही.

इथून जवळ काय आहे ते सांगून थांबतो. पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, एन.सी.सी.एस. पाषाणला २००६ पासून आयसर आहे. तिथे बारावीनंतर पाच वर्षांचा बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रम असतो, प्रवेशासाठी आयसरची स्वतःची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट द्यावी लागते. टी.आय.एफ.आर.ची प्रवेश परीक्षा वेगळी. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, अशा संस्थांचे दरवाजे सर्वांसाठी उघडतात. यंदा आपली नववी ते बारावीची मुले आपण बस करून नेऊ. ग्रंथालयासाठी 'लीलावतीज डॉटर्स' हे भारतीय विज्ञान अकादमीने काढलेले पुस्तक मागवावे. शंभराच्या आसपास भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांची माहिती त्यात आहे. रोहिणी गोडबोले आणि राम रामस्वामी यांनी ते संपादित केले आहे. इंग्रजी आहे, पण दर रविवारी एक लेख कोणीतरी मोठ्याने वाचून मराठीत सांगावा.

आणि पालकांनी एवढे करावे : जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज मूल अकरावी-बारावीत असतानाच भरावा. फेलोशिपची जाहिरात निघाली की मुदत थोडी असते, आणि हा एकच कागद ऐनवेळी हाती नसतो.