रांगेचें गणित

मालवण तालुक्यांत कसालहून मालवणकडे जाणाऱ्या रस्त्यावर कट्टा नांवाचें बाजाराचें गांव आहे. या गांवांतील व आसपासच्या वाड्यांतील कित्येक घरें वर्षभर कुलपांत किंवा वृद्धांच्या राखणींत असतात. भाद्रपदांत गणपति आला कीं हींच घरें भरून जातात. मुंबई, ठाणें, डोंबिवली, विरार येथें पोटापाण्यासाठीं गेलेला चाकरमानी चतुर्थीस गांवीं पोंचल्यावांचून राहत नाहीं. एके काळीं तो बोटीनें मालवण बंदरांत उतरे, पुढें एस्.टी.च्या गाडीनें येऊं लागला. २६ जानेवारी १९९८ रोजीं कोकण रेल्वे सबंध मार्गावर सुरू झाली आणि कुडाळ किंवा सिंधुदुर्ग हें त्याचें स्थानक झालें.

परंतु या प्रवासाचा खरा आरंभ स्थानकावर होत नाहीं. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण ६० दिवस आधीं खुलें होतें. त्या दिवशीं सकाळीं ८ वाजतां जी एकच झुंबड उडते, तींत पुष्कळांच्या चतुर्थीचा निकाल लागून जातो. जागा कांहीं मिनिटांत संपतात. कित्येक घरांत फोनच्या पडद्यावर एक चक्र फिरत राहतें, आणि तें थांबतें तेव्हां गाडी भरलेली असते. हें चक्र कां फिरतें, आणि तें लवकर थांबावें म्हणून संगणकशास्त्रज्ञ काय करतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम हें काम मुळांत काय आहे तें पाहूं. तिकीट देणें म्हणजे एका वहींत एक ओळ लिहिणें. मात्र ही वही एकच आहे आणि लिहिणारे हात हजारों आहेत. एकच बर्थ दोघांस दिली जाऊं नये, पैसे घेतले तर तिकीट मिळावें, न मिळालें तर पैसे परत जावेत, आणि मध्येंच वीज गेली तरी अर्धवट नोंद राहूं नये, इतक्या अटी त्या एका ओळीस आहेत. एक तर सर्व व्हावें, नाहीं तर कांहींच होऊं नये, अशा कामास व्यवहार म्हणावयाचें. बँकेंतील जमाखर्च, विम्याचा हप्ता आणि विमानाचें आसन हे सर्व याच जातीचे व्यवहार होत.

असे व्यवहार लाखांच्या संख्येनें पार पाडण्यासाठीं मेनफ्रेम नांवाचे मोठे संगणक घडले. अमेरिकन एअरलाइन्स ही कंपनी आणि आय्.बी.एम्. यांनीं मिळून १९६० नंतरच्या दशकांत 'सेबर' ही आसन-आरक्षणाची यंत्रणा उभी केली. मेनफ्रेमचें वैशिष्ट्य गणिताच्या वेगांत नाहीं. एकाच वेळीं असंख्य लहान लहान कामें न चुकतां, न थांबतां निस्तरण्यांत आहे.

भारतीय रेल्वेंत १९८५ च्या सुमारास दिल्लींत 'इंप्रेस' नांवाची संगणकीय आरक्षणपद्धति सुरू झाली. त्यापूर्वीं कारकून जाड रजिस्टरांत नांवें लिहीत असे, आणि एका गाडीचें रजिस्टर ज्या खिडकीवर, तेथेंच त्या गाडीचें तिकीट मिळे. 'इंप्रेस'चा संगणक व्हॅक्स जातीचा होता. काटेकोर अर्थानें त्यास मेनफ्रेम म्हणत नाहींत, परंतु काम तेंच होतें. पुढें रेल्वेच्या 'क्रिस' या संस्थेनें 'कॉन्सर्ट' ही नवी पद्धति रचली, आणि १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद या पांच केंद्रांच्या वह्या तारेनें परस्परांस जोडल्या गेल्या. कोणत्याहि खिडकीवर कोणत्याहि गाडीचें तिकीट मिळूं लागलें.

यानंतर ३ ऑगस्ट २००२ रोजीं आय्.आर्.सी.टी.सी.नें इंटरनेटवरून तिकीट देण्यास आरंभ केला. प्रारंभीं छापील तिकीट घरपोंच येई. पुढें केवळ ई-तिकीट पुरेसें झालें. लोकांस वाटलें, रांग संपली. वस्तुतः रांग संपली नाहीं. ती दिसेनाशी झाली. हा भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. खिडकीवर हजार माणसें उभीं असलीं तरी आंतील संगणकापुढें एका वेळीं तितकींच मागणीपत्रें येत, जितके कारकून बसलेले असत. कारकुनाचा संथ हात हाच यंत्राचा बांध होता. वेबसर्व्हरनें हा बांध काढून टाकला. आतां ८ वाजण्याच्या ठोक्यास लाखों माणसें एकदम त्याच वहीवर हात ठेवतात.

अशा वेळीं काय होतें, याचें गणित जुनें आहे. डेन्मार्कमधील आग्नेर क्रारूप एर्लांग या गणितज्ञानें १९०९ सालीं टेलिफोनच्या कामासाठीं त्याचा पाया घातला. एक यंत्र सेकंदास सरासरी १० कामें करतें असें धरा, आणि कामें अनियमितपणें येतात असें समजा. सेकंदास ५ कामें येत असतील तर प्रत्येक कामास सरासरी एक पंचमांश सेकंद लागतो. ९ येऊं लागलीं तर १ सेकंद लागतो. ९.५ झालीं कीं २ सेकंद, आणि ९.९ झालीं कीं १० सेकंद! मागणी ५ वरून ९.९ वर, म्हणजे दुपटीहून कमीच वाढली. प्रतीक्षा मात्र पन्नासपट झाली. आणि येणारीं कामें १० च्या पुढें गेलीं तर रांगेस अंतच उरत नाहीं. त्यांत चक्र फिरतांना पाहून मनुष्य पुन्हां पुन्हां बटन दाबतो; म्हणजे बुडत्या नावेंत आणखी माणसें चढतात. यंत्र हळूहळू मंदावत नाहीं, तें अकस्मात् कोलमडतें, याचें कारण हें आहे.

यावर उपाय म्हणून मोठें यंत्र विकत घ्यावें, असें प्रथम कोणाच्याहि मनांत येईल. जाणता अभियंता तसें करीत नाहीं. तो आधीं मोजतो. तिकिटास १० सेकंद लागत असतील तर त्यांतील किती वेळ जाळ्यांत जातो, किती प्रोग्राममध्यें, किती डेटाबेसमध्यें आणि किती नुसत्या ताटकळण्यांत, याचा तो ताळेबंद मांडतो. अरुंद मान जेथें आहे तेथेंच बाटली रुंद केली पाहिजे. अन्यत्र केलेला खर्च व्यर्थ होय. पुष्कळदां दोष क्षुल्लक निघतो. गाडीचा क्रमांक शोधण्यासाठीं यंत्र सबंध वही पहिल्या पानापासून चाळीत असतें, आणि एक सूची, म्हणजे इंडेक्स, जोडतांच मिनिटांचें काम क्षणांत होतें.

दुसरा उपाय वाचणारे व लिहिणारे वेगळे करण्याचा. आरक्षणाच्या स्थळावर येणाऱ्यांपैकीं बहुतेकजण प्रथम जागा आहे कीं नाहीं एवढेंच विचारतात. त्या प्रत्येकासाठीं मुख्य वही उघडण्याचें कारण नाहीं. उत्तराची एक प्रत जलद स्मृतींत ठेवावी आणि तींतून सांगावें. हिला कॅश म्हणतात. मात्र ही प्रत क्षणभर शिळी असूं शकते. म्हणून पडद्यावर जागा दिसते आणि प्रत्यक्ष घेऊं जातां ती गेलेली असते. यांत लबाडी असतेच असें नाहीं. तें वेगाचें मोल आहे.

तिसरा उपाय कुलपाचा काळ कमी करण्याचा. एक मनुष्य बर्थ घेत असतां दुसऱ्यानें ती घेऊं नये म्हणून नोंदीस क्षणभर कुलूप लावावें लागतें. समजा, बँकेतून पैसे येईपर्यंत हें कुलूप ठेवलें आणि बँकेस ३० सेकंद लागले, तर त्या कुलपापाशीं मिनिटास केवळ दोन तिकिटें निघतील. म्हणून पैसे आधीं घेऊन आसन नंतर नेमण्याची रीत पडली. तिचा परिणाम असा कीं, मधल्या काळांत जागा संपली तर पैसे गेलेले दिसतात, तिकीट मिळत नाहीं, आणि ती रक्कम मागाहून परत येते. प्रवाशास हा छळ वाटतो, तो साहजिकच आहे. परंतु रांगेंतील शेंकडोंचा खोळंबा टाळण्यासाठीं तो एकाच्या पदरीं पडलेला असतो.

चौथा उपाय यंत्रें वाढविण्याचा. वेबसर्व्हर एकाचे दहा करणें सोपें आहे. तिकीट मागणारा कोणत्याहि एका दारानें आंत आला तरी चालतें. परंतु जीन अम्डाल या संगणकतज्ज्ञानें १९६७ सालीं दाखविलेली मर्यादा येथें आड येते. १० सेकंदांच्या कामांत १ सेकंद असा असेल कीं जो एकामागून एकच व्हावयास हवा, तर यंत्रें हजार आणलीं तरी तें काम एका सेकंदाच्या आंत होणार नाहीं. एका गाडीच्या एका वहींत लिहिणें हा तोच न वांटतां येणारा सेकंद आहे.

या मार्गांनीं काय साधलें, हें आंकड्यांवरून दिसतें. आय्.आर्.सी.टी.सी.ची क्षमता पूर्वीं मिनिटास २,००० तिकिटांची होती. एप्रिल २०१४ मध्यें नवी रचना आली, तिनें बरीचशी माहिती चकतीवरून स्मृतींत आणली, आणि क्षमता ७,२०० वर गेली. २२ मे २०२५ रोजीं सकाळीं १० वाजतांच्या एका मिनिटांत ३१,८१४ तिकिटें निघालीं.

तरीहि एक प्रश्न उरतोच, आणि तो यंत्राचा नाहीं. तत्काळ आरक्षणाच्या पहिल्या पांच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकीं ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न माणसांचे नसून स्वयंचलित प्रोग्रामांचे असतात, असें रेल्वेनें २०२५ च्या जूनमध्यें जाहीर केलें. जलद झालेलें दार चोरासहि जलदच उघडतें. म्हणून जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटास आधारची पडताळणी आवश्यक झाली. ज्याचा फोन जुना, ज्याच्या वाडींत जाळें क्षीण, त्या म्हाताऱ्याची गांठ प्रोग्रामाशीं पडली तर तो हरणार हें ठरलेलेंच. तेव्हां कोणास किती वेगानें आंत घ्यावयाचें आणि कोणास दारांतच थोपवावयाचें, हाहि या शास्त्राचाच भाग आहे. त्यांत गणिताइतकीच न्यायबुद्धि लागते.

आणि शेवटीं हेंहि विसरतां कामा नये कीं यंत्र कितीहि वेगवान् केलें तरी गाडींत एकहि बर्थ वाढत नाहीं. मिनिटास दोन हजारांऐवजीं तीस हजार तिकिटें निघूं लागलीं, याचा अर्थ कोकणांत अधिक माणसें पोंचलीं असा नाहीं. मर्यादित जागा अधिक लवकर संपल्या एवढाच होतो. उत्तम यंत्रणेचें काम नकारहि तत्काळ आणि स्वच्छ शब्दांत देणें, हें आहे. ज्यास ८ वाजून २ मिनिटांनीं निश्चित नाहीं म्हणून कळतें, तो ८ वाजून ५ मिनिटांनीं एस्.टी.ची गाडी पाहूं शकतो. ज्याचें चक्र अर्धा तास फिरत राहतें, त्याची दोन्ही दारें बंद होतात. वेगाचें खरें मूल्य त्या वांचलेल्या पंचवीस मिनिटांत आहे. जादा गाड्या सोडणें हें मात्र संगणकाच्या हातीं नाहीं. तें माणसांनींच ठरवावयाचें आहे.