रंकाळ्यातला 'ळ'

(कोल्हापूर येथे पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दरूप)



रविवारी संध्याकाळी रंकाळ्याच्या काठी फिरायला निघालेले कोणतेही कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. आजी-आजोबा, आई-वडील आणि चार वर्षांचा नातू. पाणी दिसताच नातू आनंदाने ओरडतो, "आजोबा, लंकाला!" सारे हसतात. त्या हसण्यात कौतुकच असते. पुढे घरी पाहुणे येतात, तेव्हा त्याला मध्ये उभे करून तोच शब्द पुन्हा पुन्हा वदवून घेतला जातो. पाहुणेही हसतात. पहिल्या चार वेळा मूलही हसते. पाचव्या वेळी ते आईच्या पदराआड जाते, आणि त्यानंतर तो शब्दच टाळू लागते. आता ते नुसते बोट दाखवते. चौथ्या वर्षी 'ळ' आला नव्हता, यात काहीही बिघडलेले नव्हते. बिघडले ते पाहुण्यांसमोर.

कोल्हापूरच्या मुलाच्या जिभेवर तसा भारही मोठाच असतो. रंकाळा, पन्हाळा, गूळ, मिसळ, शाळा, सकाळ, डोळा, आभाळ. जिकडे पाहावे तिकडे 'ळ'. गुऱ्हाळ म्हणायचे तर 'ऱ्ह' आणि 'ळ' एकाच शब्दात. स्वतःच्या गावाचे नाव सांगायचे तर 'ल्ह'! मोठ्यांना हे सारे इतके अंगवळणी पडलेले असते, की त्यामागची कसरत जाणवतही नाही.

आपल्या पूर्वजांना मात्र ती पूर्णपणे जाणवली होती. वेदांची जी सहा अंगे मानली जातात, त्यांत उच्चाराचे शास्त्र असलेली 'शिक्षा' पहिली. कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ या क्रमाने वर्णमालेची मांडणी करणारी ती दृष्टी आजही जगातील भाषाशास्त्रज्ञांच्या आदराचा विषय आहे. पाणिनीय शिक्षेत उच्चार कसा करावा, हे सांगताना एक विलक्षण उपमा आली आहे. वाघीण आपले पिल्लू दातांत धरून नेते. ते पडू नये इतकी पकड घट्ट आणि दात रुतू नयेत इतकी हळुवार. वर्णांचा उच्चारही तसाच करावा. ही उपमा वर्णांसाठी आहे, परंतु लहान मुलाला वर्ण शिकविणाऱ्या आईसाठीही ती जशीच्या तशी लागू पडते.

आता प्रत्यक्ष 'ळ'कडे वळू. 'ल' म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकते. 'ळ' म्हणताना तेच टोक मागे वळते, टाळूच्या उंच भागाला स्पर्श करते आणि झटक्याने खाली येते. श्वास जिभेच्या दोन्ही कडांनी निसटतो. मराठीत या वर्णाने शब्दाचा आरंभ कधीच होत नाही. तो नेहमी एखाद्या स्वराच्या मागून येतो. म्हणून मुलाकडून सुटा 'ळ' वदवून घेण्याचा अट्टाहास मुळातच चुकीचा ठरतो.

हा वर्ण केवळ मराठीचा आहे, असा एक गोड गैरसमज आपल्याकडे आहे. वस्तुतः ऋग्वेदाच्या पहिल्याच मंत्रात, 'ईळे' या क्रियापदात, तो भेटतो. लौकिक संस्कृतात तो उरला नाही, पण लोकभाषांनी त्याला जपले. पंजाबी, राजस्थानी, गुजराती, उडिया, तेलुगू, कन्नड, तमिळ, मल्याळम या साऱ्यांत तो आहे. निपाणी-बेळगावकडे मराठी घरातले मूल आणि शेजारच्या कन्नड घरातले मूल एकाच वयात याच वर्णाशी झुंजत असते. प्रमाण हिंदीत मात्र त्याला स्थान नाही. म्हणूनच लोकमान्य टिळक तिकडे 'तिलक' होतात आणि श्रीगुरुजी 'गोलवलकर'. त्यात अनादर नाही, तो त्या भाषेचा स्वभाव आहे. परंतु दिवसाचे तीन-चार तास हिंदी कार्टून पाहणारे आणि उरलेला वेळ इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीत काढणारे मराठी मूल 'ळ' ऐकणार तरी कोठून? जे कानावर पडत नाही, ते जिभेवर येत नाही. अमेरिकेतील मराठी घरांना हा प्रश्न फार पूर्वीच पडला आणि तेथे रविवारच्या मराठी शाळा उभ्या राहिल्या. कोल्हापुरातल्या घरांना तो आता पडावा, ही गोष्ट मात्र विचार करायला लावणारी आहे.

वयाचे भान हवे. साधारणतः चौथ्या वर्षी मुलाचे बहुतेक बोलणे परक्या माणसालाही कळू लागते. तरीही र, ळ, ण, श यांसारखे वर्ण पाचव्या-सहाव्या, क्वचित सातव्या वर्षापर्यंत रेंगाळतात. तीन वर्षांच्या मुलाने 'राम'ला 'लाम' म्हटले म्हणून घर डोक्यावर घेण्याचे कारण नाही.

मग घरी करायचे काय? आधी कान तयार करावा. काल-काळ, वेल-वेळ, माल-माळ, गाल-गाळ अशा जोड्या घ्याव्यात. आईने एकेक शब्द म्हणावा आणि 'ळ' ऐकू आला की मुलाने टाळी वाजवावी. हा फरक ज्या मुलाला ऐकूच येत नाही, त्याच्याकडून तो उच्चारात मागणे अन्यायाचे आहे. कानाला फरक कळू लागला की आरसा घ्यावा आणि आईने मुलाला शेजारी बसवून स्वतःची वळलेली जीभ दाखवावी. येथे कोल्हापूरकरांच्या हाताशी एक साधन आहे: काकवी. स्वच्छ बोटाने काकवीचा लहानसा थेंब मुलाच्या टाळूवर, दातांच्या मागे जरा आत लावावा आणि जिभेच्या टोकाने तो चाटायला सांगावे. जिभेला आपली जागा सापडते. त्यानंतर 'ड'चा आधार घ्यावा, कारण 'ड' मुलाला बहुधा आधीच येत असतो आणि जिभेची जागाही जवळचीच असते. अडा, इडी, उडू. मग त्याच चालीवर अळा, इळी, उळू. त्यानंतर बाळ, केळी, फळा. दिवसाला पाच मिनिटे पुरेत, आणि मूल कंटाळले की तिसऱ्या मिनिटालाही थांबावे.

उरलेल्या वेळात धडा नको. मूल म्हणाले, "बाल ललतंय," तर आईने सहज म्हणावे, "हो ना, बाळ रडतंय. बाळाला भूक लागली असेल." चूक काढली गेली नाही, पण बरोबर शब्द दोनदा कानांवर पडला. 'असे नाही, नीट म्हण' या वाक्याने घरोघरी जितकी मुले अबोल केली असतील, तितकी दुसऱ्या कशाने क्वचितच केली असतील.

संध्याकाळी दिव्यापाशी शुभंकरोती, रामरक्षा, मनाचे श्लोक म्हणण्याची आपली प्रथा जिभेसाठी मोठी उपकारक आहे. संथ लय, स्पष्ट अक्षरे आणि शेजारी आजीचा आवाज. मात्र अलीकडच्या पाठांतर स्पर्धांत जो वेग दिसतो, त्याचे कौतुक करताना सावध असावे. घाईने म्हणणाऱ्याला पाणिनीय शिक्षेने अधम पाठकांत बसवले आहे! शिवाय संस्कृत स्तोत्रांत 'ळ' जवळपास नाहीच. त्यासाठी अंगाई, गोष्टी आणि घरातले रोजचे मराठी बोलणे हेच खरे.

एका गोष्टीवर मात्र जरा थांबले पाहिजे. कागल, राधानगरी, शाहूवाडीकडच्या शेतकरी घरांतून आलेले मूल 'पानी' म्हणते, 'कोन' म्हणते. खानदेशातले मूल 'केळी'ला 'केयी' म्हणते, 'डोळा'ला 'डोया' म्हणते. हा वाणीचा दोष नाही. ती त्याची घरची बोली आहे, आणि खानदेशच्या बोलीत बहिणाबाई चौधरींनी काय उभे केले, ते महाराष्ट्र जाणतो. तोतरेपणा वेगळा, उच्चार न जमणे वेगळे आणि बोली वेगळी. या तिन्हींना 'अशुद्ध' या एकाच शिक्क्याखाली ढकलण्याची सवय शिकल्या-सवरल्या घरांना लागली आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, ते याच मुलांनी शाळेत यावे म्हणून. त्याच मुलाला 'न-ण'वरून वर्गात हसे करायचे आणि सभेत समरसतेवर बोलायचे, हे एकाच तोंडाला शोभत नाही. त्याला प्रमाण उच्चार जरूर शिकवावा. तो त्याच्या बोलीशेजारी ठेवावा, बोली काढून घेऊन नव्हे.

आणि घरचे उपाय कोठे संपतात, हेही माहीत असावे. मूल दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, कान वारंवार फुटत असेल किंवा आधी येत असलेले शब्द हरवत असतील, तर 'याचे वडीलही उशिरा बोलले' या आजीच्या दिलाशावर विसंबू नये. प्रथम कानांची तपासणी करावी. टाळूला फट असेल, तर कितीही सराव केला तरी उच्चार सुधारणार नाही; तेथे शल्यक्रिया लागते. 2013 मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतील मुलांच्या तपासणीत श्रवणदोष, दुभंगलेली टाळू आणि बोलण्यातील विलंब यांचाही समावेश आहे, आणि पुढील उपचारही विनामूल्य आहेत. अंगणवाडीत आरोग्य पथक येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, इतके तरी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीत सांगता येईल. वाचा-उपचारतज्ज्ञाकडे नेण्यात कमीपणा मानणारी घरे अजूनही आहेत. चष्मा लावण्यात जितका कमीपणा असतो, तितकाच यात.

त्या रंकाळ्याकाठच्या कुटुंबात समजा हसणे थांबले. पाहुण्यांसमोरचा खेळ बंद झाला, आरशासमोर काकवी चाटण्याचा खेळ सुरू झाला आणि दोन-तीन महिने गेले. पुन्हा एक रविवार, पुन्हा तोच काठ. नातू आजोबांचे बोट ओढत म्हणतो, "आजोबा, लंकाळा!" 'ळ' आला आहे, 'र' यायचा आहे. आजोबा म्हणतात, "हो रे, रंकाळा. चल, पायरीवर बसू."