फडावरची बालके आणि औषधाचा खाडा

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळीच्या मागेपुढे बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील रस्त्यांचे रूप पालटते. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर येथील कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव या जिल्ह्यांतून निघालेल्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बिऱ्हाडासह येऊन दाखल होतात. 1885 साली नीरा डाव्या कालव्याचे पाणी या भागात खेळू लागले. पुढे उजनी धरणाने इंदापूरच्या शिवाराला आधार दिला. त्या पाण्यावर पोसलेला ऊस तोडावयास मात्र माणसे दुष्काळी मुलखातून यावी लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत, म्हणजे पट्टा पडेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत त्यांचा मुक्काम कोपीत. सोबत त्यांची मुलेही असतात.

या मुलांच्या शिक्षणाविषयी बरेच बोलले गेले आहे. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली, शिक्षण हमी कार्ड आले. आजचा विषय त्यांतील थोड्या मुलांचा आहे. जन्मतःच ज्यांच्या रक्तात एचआयव्हीचा संसर्ग आला आणि ज्यांना रोज औषध घ्यावे लागते, अशी ही मुले. राज्यातील प्रौढांमध्येही या संसर्गाचे प्रमाण शेकडा एकाहून बरेच कमी आहे, बालकांमध्ये त्याहून कमी. एखाद्या टोळीत असे एक मूल असेल, अनेक टोळ्यांत एकही नसेल. परंतु संख्या थोडी म्हणून प्रश्न सोपा ठरत नाही. उलट थोडी असल्यामुळेच ती नजरेतून निसटतात.

प्रथम औषधाविषयी, कारण याबाबत जुने समज अजून पुसले गेलेले नाहीत. 1 एप्रिल 2004 रोजी शासनाने मोफत एआरटी उपचार सुरू केले, तेव्हा देशात आठच केंद्रे होती, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. नोव्हेंबर 2006 पासून बालकांसाठी स्वतंत्र कार्यक्रम आला. त्यापूर्वी अशा बालकाचे भवितव्य काय असे, हे आकड्यांतच पाहावे: उपचार नसल्यास बाधित अर्भकांपैकी सुमारे एक तृतीयांश पहिल्या वाढदिवसाआधी आणि जवळजवळ निम्मी दुसऱ्या वाढदिवसाआधी दगावत. 2008 साली दक्षिण आफ्रिकेतील एका अभ्यासाने दाखवून दिले, की निदान होताच, लक्षणांची वाट न पाहता औषध सुरू केल्यास अर्भकांचे मृत्यू 76 टक्क्यांनी घटतात. तेथून जगभरची पद्धत बदलली. आपल्याकडे पंढरपूरची ‘पालवी’, बीडजवळील पालीची ‘इन्फंट इंडिया’, लातूर जिल्ह्यातील हासेगावचे ‘सेवालय’ या संस्थांत वाढलेली अनेक मुले आज तरुण झाली आहेत. काहींचे संसारही उभे राहिले आहेत. औषध नियमित मिळाले तर मूल जगते, शिकते, मोठे होते, याचा याहून वेगळा पुरावा शोधण्याचे कारण नाही.

मात्र त्या संस्थांतील मुलाला ठरल्या वेळी गोळी देणारे कोणीतरी असते. फडावरच्या मुलाचे तसे नाही, आणि सारा फरक येथे पडतो.

एआरटीने विषाणू नष्ट होत नाही, दबून राहतो. रक्तातील त्याचे प्रमाण, ज्याला विषाणूभार म्हणतात, एका मिलिलिटरमागे 1000 च्या खाली राहिले तर उपचार लागू पडत आहे असे समजतात. ही तपासणीही आता शासकीय कार्यक्रमात मोफत होते. दिवसातून दोनदा औषध असेल तर महिन्याच्या 60 मात्रांपैकी तीनही चुकू नयेत, असा दंडक आहे. मात्रा वारंवार चुकल्या, की दबलेला विषाणू डोके वर काढतो आणि त्यातला औषधाला न जुमानणारा वंश तेवढा वाढत जातो. मग औषध बदलावे लागते. मोठ्या माणसापुढे काही पर्याय असतात. सात वर्षांच्या मुलापुढे ते कमी, आणि आयुष्य सबंध पुढे पडलेले.

ऊसतोड कामगाराच्या भाषेत ‘खाडा’ हा शब्द आहे. एक दिवस काम बुडाले, की तो खाडा; त्या दिवसाची मजुरी जाते, अनेक टोळ्यांत वर दंडही पडतो. औषध मोफत आहे, ते आणावयाला लागणारा दिवस मोफत नाही. राज्य परिवहनाच्या साध्या गाडीत अशा रुग्णांना भाड्यात सवलत आहे, तिने तिकिटाचा प्रश्न सुटतो. कोयता थांबला त्याची भरपाई ती सवलत करीत नाही. आईने फडाचा खाडा टाळला, की मुलाच्या औषधाचा खाडा होतो. निष्काळजीपणाचा ठपका ठेवण्यापूर्वी हे गणित समजून घेणे इष्ट.

आता एक वर्षाचा फेरा पाहू. बीड किंवा अंबाजोगाईच्या एआरटी केंद्रात मुलाची नोंद आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोळी निघते. निघण्याची तारीख मुकादम ठरवितो, कारखान्याच्या निरोपावर, कित्येकदा आदल्या दिवशी. घरात औषध उरलेले असते पंधरा दिवसांचे. केंद्राला न कळविता कुटुंब दोनशे किलोमीटरवर येऊन पडते. गाडी सेंटरची बिऱ्हाडे कारखान्याजवळ एका तळावर राहतात, परंतु डोकी सेंटरची टोळी ऊस संपेल तशी गावोगाव हलते. आज इंदापूर तालुक्यात, महिन्याने बारामतीत. तिकडे केंद्राच्या नोंदवहीत त्या मुलाच्या नावापुढे ‘संपर्क तुटला’ असा शेरा पडतो. ज्याने दुसरीकडे औषध सुरू ठेवले आणि ज्याने सोडून दिले, ती दोन्ही मुले त्या एकाच रकान्यात जाऊन बसतात. स्थलांतरित बालकांच्या उपचाराचे फलित काय, असे विचारले जाते तेव्हा हा रकाना उघडून पाहावा लागतो. उत्तर पुष्कळसे त्यातच दडलेले असते.

वस्तुतः यावर सोय आहे. रुग्णाला कायमचे दुसऱ्या केंद्राकडे वर्ग करता येते. तात्पुरत्या मुक्कामात दुसऱ्या केंद्रातून औषध घेण्याचीही मुभा आहे. प्रकृती स्थिर असेल तर दोन-तीन महिन्यांची औषधे एकदम मिळू शकतात. बारामती आणि इंदापूर येथील शासकीय रुग्णालयांत तपासणी व समुपदेशन होते आणि तेथून एआरटी केंद्राची वाट दाखविली जाते. अडते ते इतकेच, की निघण्यापूर्वी पत्र घ्यावे हे पालकाला ठाऊक नसते, किंवा ठाऊक असून तेवढी सवड मिळत नाही. म्हणून दसऱ्याआधीच्या भेटीत ‘यंदा कुठल्या कारखान्यावर?’ हा प्रश्न समुपदेशकाने विचारलाच पाहिजे.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. औषधाची मात्रा वजनावर ठरते. फार लहान बालकांना पूर्वी जे पातळ औषध द्यावे लागे, ते चवीला कडवट आणि थंड जागी ठेवावे लागणारे होते. पाचटाच्या कोपीत ते कसे टिकावे? आता पाण्यात विरघळणाऱ्या डोल्युटेग्रावीरच्या गोळ्या आल्याने ती अडचण बरीच सरली आहे. वजन 20 किलोवर गेले, की त्याच औषधाची मोठ्यांची गोळी घेता येते. परंतु वजन करणार कोण? सहा महिन्यांत मूल वाढते, औषध मात्र जुन्याच मापाने चालू राहते. तेव्हा तीन महिन्यांचे औषध हाती आले तरी मधल्या काळात अंगणवाडीच्या काट्यावर वजन व्हावे. अंगणवाडीत सर्वच मुलांची वजने होतात, त्यामुळे कोणाच्या भुवया उंचावण्याचे कारण नाही.

हा भुवयांचा प्रश्न साधा नाही. मुलाला मदत करावयाची तर कोणाला तरी कळले पाहिजे. आणि कळले, की बोभाटा होण्याचे भय. मुकादमाला कळले तर पुढील वर्षी उचल मिळेल की नाही, ही धास्ती आईला असते, आणि ती निराधार म्हणता येत नाही. म्हणून गोळ्यांची बाटली पिठाच्या डब्यात दडते, वरचे लेबल खरवडले जाते. अशा स्थितीत तळावर मांडव घालून, नावे पुकारून, छायाचित्रे काढून भरविलेली ‘एचआयव्ही शिबिरे’ उपयोगाहून अपायच अधिक करतात. सर्वसाधारण आरोग्य तपासणी जरूर व्हावी. या आजाराची गोष्ट बंद दाराआड, समुपदेशकापाशीच राहावी.

कायदाही तेच सांगतो. 2017 चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आला. शाळाप्रवेश, नोकरी, उपचार यांत या कारणावरून भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आहे आणि संमतीवाचून कोणाची स्थिती उघड करण्यासही. शाळेला असा दाखला मागता येत नाही. शिक्षण हमी कार्ड गुरुजींच्या हातून या शाळेतून त्या शाळेत जाते, जावेच. उपचाराची पुस्तिका मात्र पालकाच्याच हाती राहावयाची. मूल महिन्यातून एक दिवस गैरहजर राहिले तर कारणाच्या खोलात न शिरणे, हीच शिक्षकाची मदत. याच कायद्यात एक तरतूद आहे, जी ग्रामपंचायतींना फारशी परिचित नाही: अशा कुटुंबाचा कारभार पाहणारे, पुरेशी समज असलेले 12 ते 18 वर्षांचे भावंड धाकट्या भावंडाच्या शाळाप्रवेशासाठी व उपचारासाठी पालक म्हणून उभे राहू शकते. आईबाप गेलेल्या घरात थोरली बहीण हेच काम करीत असते. कागदावर तिला अडवू नये.

काही मुले गावी आजीपाशी ठेवली जातात. त्यांचे केंद्र सुटत नाही, पण आईबाप दूर. आजीला घड्याळ कळत नसेल तर वेळ सांजवातीशी किंवा रात्रीच्या भाकरीशी बांधून द्यावी. फडावरही तेच बरे. पहाटे तीनला कोयता निघतो तेव्हा मूल झोपेत असते, चूल पेटते ती सांजेला. मूल दहा-बारा वर्षांचे झाले, की गोळी कशासाठी हे त्याला समुपदेशकाच्या मदतीने हळूहळू सांगावे लागते. न सांगितलेले मूल एके दिवशी गोळी उसात भिरकावते.

स्त्रियांविषयी थोडेच. गरोदरपणाची पहिली तपासणी गावी जूनमध्ये आणि बाळंतपण जानेवारीत फडावर, असे घडते. उपचार नसता आईकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण 15 ते 45 टक्के. वेळेवर उपचार झाल्यास ते 5 टक्क्यांच्या खाली येते. बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांची, पुढच्या सहा, बारा व अठरा महिन्यांच्या. यांतील एक इकडे, दुसरी तिकडे पडणार, हे धरूनच आशा कार्यकर्तीने तारखा लिहून द्याव्यात.

तळावर आठवड्याचा बाजार असतो. त्या दिवशी बिऱ्हाडे बारामतीस, इंदापुरास किंवा जवळच्या बाजारगावी जातातच. रुग्णालयाची भेट त्याच दिवसाला जोडली तर खाडा पडत नाही आणि कोणी विचारीतही नाही. औषधवाटपाच्या वेळा त्या बेताने ठेवता येतात का, हे दोन्ही ठिकाणच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पाहावे. पट्टा पडण्याआधी परतीचे पत्र द्यावे. वाटेत औषध संपलेच तर 1097 या मोफत क्रमांकावर मराठीत विचारणा करता येते. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर इतर क्रमांकांच्या रांगेत, वेगळ्या रंगाने न रंगविता, लिहून ठेवावा.