माशांच्या पिलांचें पहिलें अन्न

कोथरूडसारख्या वस्तींत पुष्कळ घरीं हल्लीं मासे पाळलेले दिसतात. फायटर माशाच्या अंड्यांतून एक-दोन दिवसांत पिलें निघालीं म्हणजे मुलांच्या आनंदाला पारावार राहत नाहीं. परंतु पुढें आठवड्याभरांतच बहुतेक पिलें मरून जातात. पुष्कळदां त्याचें कारण उपासमार हेंच असतें. अंड्यांतील बलक दोन-तीन दिवस पुरतो. त्यानंतर इवल्या तोंडांत मावेल आणि डोळ्यांपुढें हालेल असें जिवंत भक्ष्यच पिलांना लागतें. विकतची भुकटी तशीच तळाशीं बसून कुजते.

हें भक्ष्य घरीं तयार करतां येतें. चिमूटभर वाळलेलें गवत उकळून तें पाणी निवूं द्यावें व काचेच्या बरणींत भरावें. मग दुधाला विरजण लावावें त्याप्रमाणें, टेकडीवरील पावसाळी डबक्याचें चमचाभर पाणी फडक्यानें गाळून त्यांत घालावें. प्रथम जंतूंनीं पाणी गढूळ होतें. त्या जंतूंवर पॅरामीशियमसारखे ०.१ ते ०.३ मिलिमीटर लांबीचे जीव पोसतात. पाणी निवळूं लागलें कीं रोज थोडेथोडे थेंब पिलांना द्यावेत.

आठवड्यानंतर आर्टेमियाचीं अंडीं लिटरभर पाण्यांत २५ ते ३० ग्रॅम मीठ विरघळवून, हवा खेळती ठेवून उबवावीं. सुमारें २४ ते ३६ तासांत त्यांतून पिलांजोगे जीव निघतात. ते गोड्या पाण्यानें धुऊन घालावेत.

डासांच्या अळ्या मात्र घरीं कधींही वाढवूं नयेत. डेंग्यू पसरविणारा डास सांठलेल्या पाण्यांत आठ-दहा दिवसांत पूर्ण वाढतो. बरणीच्या तोंडाला दाट फडकें बांधावें. नाहींतर पिलांसाठीं मांडलेल्या पाण्यांतूनच शेजारच्या घरीं ताप जाईल.