‘ऑसम’ आणि भातसेचा पूर



व्याख्यानासाठी एक इंग्रजी शब्द घेऊन आम्ही खडवलीस आलो आहोत, याचे काहींना नवल वाटेल. पण तो शब्द आम्ही येथे आणलेला नाही. तो आधीच येथे पोहोचला आहे. पावसाळ्यातील कोणत्याही रविवारी कल्याणकडून येणारी गाडी स्टेशनात रिकामी होते, मंडळी भातसेच्या काठी जमतात, आणि गढूळ पाण्याचा तो लोंढा पाहून एकच उद्गार निघतो : ‘ऑसम!’ हाच शब्द दुपारच्या वड्यालाही लागतो, नव्या चपलेलाही लागतो आणि मित्राच्या छायाचित्रालाही लागतो. पूर आणि वडा यांना एकच विशेषण पुरते, तेव्हा त्या विशेषणाची थोडी चौकशी करणे भाग आहे.

या शब्दाच्या मुळाशी ‘ऑ’ हा लहानसा शब्द आहे. तो उत्तर युरोपातील जुन्या नॉर्स भाषेकडून इंग्रजीस मिळाला, आणि त्याचा मूळ अर्थ भय. देवापुढे, राजापुढे किंवा वादळापुढे माणसाची मान खाली जाते, त्या वेळी मनात जे आदराने भारलेले भय असते ते ‘ऑ’. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऑसम’ इंग्रजीत दिसू लागला तो हा भार घेऊनच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन तरुणांच्या तोंडी तो पडला आणि त्याचा अर्थ ‘छान’ एवढाच उरला. त्याचा सख्खा भाऊ ‘ऑफुल’. तो दुसऱ्या वाटेने गेला आणि ‘अगदी वाईट’ झाला. ‘टेरिफिक’ म्हणजेही पूर्वी थरकाप उडविणारे. आज त्याचा अर्थ उत्तम. एकाच घरातील हे तिघे, पण तिघांच्याही अंगातील भीती निघून गेली.

यावरून इंग्रजीला हसण्याचे कारण नाही. आपल्या घरीही हेच घडले आहे. संस्कृतात ‘चंड’ म्हणजे उग्र, रागावलेला. ‘प्रचंड’ त्याहून उग्र. आज आपण प्रचंड गर्दी म्हणतो तेव्हा तिच्या रागाचा विचारही मनात येत नाही. ‘भीम’ म्हणजे ज्याचे भय वाटावे असा. आता तो केवळ धिप्पाड. ‘जबरदस्त’ फारसीतून आला. ज्याचा हात वर आहे तो जबरदस्त. ‘जबरदस्ती’त तो हात अजून जाणवतो, जबरदस्त भजी खाताना जाणवत नाही. आणि ‘मला ती साडी भयंकर आवडली’ हे वाक्य तर आपल्यापैकी कोणी उच्चारले नसेल असे नाही! शब्द झिजतात. नाणे हातोहात फिरले की त्यावरील छाप पुसट होते, तसेच हे आहे.

मग मराठीत त्या जुन्या ‘ऑ’ला शब्द कोणता? भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत आणि भयानक हे दोन रस वेगळे मांडले आहेत. एकाचा स्थायीभाव विस्मय, दुसऱ्याचा भय. ‘ऑ’ या दोहोंच्या सीमेवर उभा आहे. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन नेमका तेथेच उभा असतो. विश्वरूप पाहण्याची इच्छा त्याचीच, ते पाहून हर्ष होतो तोही त्यालाच, आणि भयाने व्याकूळ होऊन पूर्वीचे सौम्य रूप दाखव म्हणून विनवतो तोही तोच. रोजच्या बोलीतही आपण या भावनेस मुकलेले नाही. ‘दरारा’ हा शब्द घ्या. वाघाचा दरारा असतो, जुन्या हेडमास्तरांचाही असे. त्यात भय आहे, पण तिटकारा नाही. उंच कड्याखाली उभे राहिलो की ‘छाती दडपते’ असे आपण म्हणतो. हे शब्द अजून झिजलेले नाहीत.

एडमंड बर्क या लेखकाने १७५७ साली उदात्ताविषयी एक पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे, की उदात्ताच्या मुळाशी भय असते. मात्र संकट फार जवळ आले तर त्यात आनंद नाही, काही अंतरावरून पाहिले तरच तो मिळतो. आपल्या आजीने यावर एवढेच म्हटले असते : दुरून डोंगर साजरे!

हे अंतर आपले पूर्वज आचरणात पाळत असत. पूर आला म्हणजे नदीची खणानारळाने ओटी भरण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. तीत श्रद्धा होती, आणि शहाणपणही होते : ओटी काठावरून भरायची असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहणारा कोळी त्याच दर्यावर पोट भरतो, पण त्याला आपला बरोबरीचा समजत नाही.

आता पुन्हा आपल्या नदीकडे येऊ. वर शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे. मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा तेथून जातो. ते भरले की दरवाजे उघडतात, काठच्या गावांना इशारे दिले जातात, आणि काही वेळापूर्वी गुडघाभर असलेले पाणी गळ्याशी येऊ शकते. येथे पोहावयास उतरलेली तरुण मुले बुडाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. त्या मुलांना शब्दाने बुडविले असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे क्रूरपणाचे होईल. पण ज्या शब्दात एके काळी ‘मागे सर’ ही सूचना होती, त्यातून ती गळून पडली आहे, आणि पाण्यात उतरणाऱ्याच्या कानी ती आता दुसरीकडूनही पडत नाही, ही गोष्ट खरी आहे.

‘ऑसम’ला हद्दपार करा, असे आमचे म्हणणे नाही. वड्याला तो खुशाल लावा. वडा काही बुडवीत नाही. मात्र नदी भरून आली की आपल्या मुलांना जवळ घेऊन आपला शब्द सांगा : बाळ, हिचा दरारा असतो. आणि तो सांगताना दोन पावले मागे उभे राहा, म्हणजे अर्थ निराळा समजावून द्यावा लागणार नाही.