उठून गेलेलें गांव पुन्हा वसतें तेव्हां

कॅनडा देशाच्या ईशान्य कडेला लॅब्रडॉर नांवाचा खडकाळ प्रदेश अटलांटिक महासागरास भिडला आहे. उत्तरेकडून येणारा थंड प्रवाह हिमनगांना घेऊन या किनाऱ्याशेजारून वाहतो. उन्हाळा अवघा तीन-चार महिन्यांचा. एरव्हीं बर्फ आणि वारा. या किनाऱ्यालगतच्या एका चिमुकल्या बेटावर बॅटल हार्बर हें कोळ्यांचें गांव आहे. तें एकदां वसलें, भरभराटलें, ओस पडलें आणि पुन्हा उभें राहिलें.

अठराव्या शतकाच्या आठव्या दशकांत इंग्लंडांतील पूल या बंदराच्या जॉन स्लेड यांच्या पेढीनें येथें वखार घातली. या समुद्रांत कॉड मासा अमाप होता. त्याचें डोकें व कणा काढून, त्याला मीठ लावून, लाकडी माचांवर तो उन्हांत सुकवीत. हा खारा मासा दक्षिण युरोप व वेस्ट इंडीज येथील बाजारांत जाई. व्यवहार मात्र उचलीचा असे. हंगामापूर्वीं व्यापाऱ्यानें दोर, मीठ, पीठ द्यावें आणि हंगाम संपतांच कोळ्यानें सुका मासा त्याच्या ओट्यावर आणून टाकावा. दोहोंचे भाव ठरविणार व्यापारीच! रोकड पैसा कोळ्याच्या हातीं क्वचितच पडे. वर्षाअखेरीस हिशेब फिटला नाहीं, तर बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढे.

तरीहि गांवाचें महत्त्व वाढत गेलें. १८५७ सालीं येथें बांधलेलें चर्च अद्याप उभें आहे. १८९२ सालीं विल्फ्रेड ग्रेनफेल हे इंग्रज डॉक्टर या किनाऱ्यावर आले. कोळ्यांची रोगराई व दारिद्र्य पाहून त्यांनीं दुसऱ्याच वर्षीं येथें इस्पितळ उघडलें. पुढें बिनतारी संदेशाचें ठाणें आलें. १९०९ च्या सप्टेंबरांत उत्तर ध्रुव गांठल्याचा दावा करणारे रॉबर्ट पीअरी परततांना येथें थांबले. त्यांची हकीकत याच ठाण्यावरून जगभर गेली आणि वार्ताहर या बेटावर धांवत आले. त्या दाव्याविषयीं पुढें पुष्कळ वाद झाला; परंतु कांहीं दिवस तरी साऱ्या जगाचें लक्ष या खडकाकडे लागलें होतें.

उतरती कळा १९३० च्या आगीपासून लागली. आगींत इस्पितळ व इतर इमारती भस्म झाल्या. नवें इस्पितळ बेटावर न उभारतां मुख्य भूमीवर, मेरीज् हार्बर येथें उभारण्यांत आलें. जेथें डॉक्टर, तेथें माणसांचा ओढा. हा क्रम एकदां सुरू झाला कीं थांबविणें कठीण. १९४९ सालीं न्यूफाउंडलंड व लॅब्रडॉर कॅनडांत सामील झालीं. विखुरलेल्या वाड्यांना शाळा, वीज व रस्ते पुरविणें परवडत नाहीं, असें सरकारनें ठरविलें आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना अनुदान देऊं केलें. १९५४ ते १९७५ या काळांत सुमारें ३०,००० माणसांनीं जवळजवळ ३०० गांवें सोडलीं. बॅटल हार्बरची पाळी १९६० नंतरच्या दशकांत आली. लोक बहुतांशीं मेरीज् हार्बरला गेले. मुलांना शाळा मिळाली, आजाऱ्यांना औषध मिळालें, हें खरें. पण वाडवडिलांच्या कबरी बेटावरच राहिल्या.

तरीहि कांहीं कुटुंबें उन्हाळ्यांत मासेमारीसाठीं बेटावर येत राहिलीं. तो आधारहि पुढें तुटला. मोठमोठ्या यांत्रिक जहाजांनीं समुद्र इतका उपसला कीं, जुलै १९९२ मध्यें कॅनडा सरकारला उत्तरेकडील कॉडची मासेमारी बंद करावी लागली. तीस हजारांहून अधिक लोकांचा रोजगार गेला.

नेमक्या याच सुमारास गांवाची डागडुजी हातीं घेण्यांत आली. त्यासाठीं एक विश्वस्त संस्था स्थापन झाली. धक्का, मिठाचें कोठार, पिठाचें कोठार, माशांची वखार हीं एकेक करून जुन्या पद्धतीनें सावरण्यांत आलीं. गांवाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला. आतां उन्हाळ्यांत प्रवासी मेरीज् हार्बरहून बोटीनें येतात आणि जुन्या घरांत उतरतात.

मग हें गांव जिवंत झालें म्हणावें काय? हिवाळ्यांत येथें चूल पेटत नाहीं. शाळा नाहीं, पाळणा हलत नाहीं. ज्या कोठारांत पूर्वीं वर्षाची कमाई रचली जाई, तीं आतां पाहुण्यांना दाखविण्यासाठीं आहेत. या अर्थानें जुनें गांव परत आलेलें नाहीं, आणि कोणतीहि संस्था तें परत आणूं शकणार नाहीं. दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. हें काम झालें नसतें, तर लाकडी इमारती वादळांत केव्हांच कोसळल्या असत्या. गेलेल्यांच्या मुलानातवंडांना परत येण्यास ठिकाणच उरलें नसतें. आज त्यांपैकीं कित्येकांचीं उन्हाळी घरें बेटावर आहेत.

जून २०२४ मध्यें, ३२ वर्षांनीं, बंदी उठविण्यांत आली आणि त्या वर्षापुरती १८,००० टनांची मर्यादा घालण्यांत आली. ही घाई झाली, असें अनेकांचें मत पडलें. बॅटल हार्बरचा इतिहास पाहतां ती शंका सहज टाळतां येणारी नाहीं. कोठारें माणसांना पुन्हा उभारतां आलीं. समुद्र पुन्हा भरण्यास मात्र तीन दशकें वाट पाहूनहि तो पुरता भरलेला नाहीं. त्या किनाऱ्यावरील लोकांना आतां जाळें टाकतांना हा हिशेबहि मांडावा लागेल, आणि या खेपेस त्याची बाकी दुसऱ्या कोणाच्या खात्यावर चढवितां येणार नाहीं.