बृहन्नडेला काम कोण देणार?



चौकात सिग्नल लागतो, टाळी वाजते आणि मोटारीची काच वर जाते. ‘हातीपायी धडधाकट असताना हे लोक काम का करीत नाहीत?’ हा प्रश्न मग ठरलेलाच. प्रश्न रास्त आहे. परंतु तो ज्याला विचारला जातो त्याच्यापाशी त्याचे उत्तर नाही. उत्तर काम देणाऱ्यांपाशी आहे.

विराटपर्वातील कथा सर्वांच्या परिचयाची आहे. अज्ञातवासात अर्जुन बृहन्नडेच्या रूपाने मत्स्यराजाकडे काम मागावयास गेला. विराटाने गुण पारखले आणि राजकन्या उत्तरेला नृत्यगायन शिकविण्याचे काम सोपविले. अर्जुनाचे ते रूप तात्पुरते होते हे खरे. पण राजाला ते ठाऊक नव्हते. त्याने वेष पाहिला आणि तरीही विद्येला मान दिला.

पुढे परकीय सत्तेने ही दृष्टी कायद्यानेच मोडली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ‘षंढ’ म्हणून संशयितांची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली. नोंद झालेल्याने स्त्रीवेषात चारचौघांत वावरणे किंवा नाचगाणे करणे हा गुन्हा ठरला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची. ज्या कलेवर पोट चालत असे तीच अपराध ठरली. तो कायदा गेला, पण त्याने रुजविलेला संशय मागे राहिला.

तो संशय आजही नोकरीच्या दारात उभा असतो. तामिळनाडूतील प्रितिका याशिनी यांना पोलीस उपनिरीक्षक होण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयात जावे लागले. २०१५ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २०१७ मध्ये त्या धर्मपुरी जिल्ह्यात रुजू झाल्या. महाराष्ट्रातही पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी पर्याय यावा म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला शासनाचे कान उपटावे लागले. गुजरातमधील एका खासगी शाळेने तर एका पारलिंगी शिक्षिकेला नियुक्तीपत्र दिले आणि तिची ओळख कळताच तिला रुजू करून घेण्याचे नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये तिला भरपाई मंजूर केली. शिकविता येते की नाही, हा प्रश्न त्या शाळेला पडलाच नव्हता.

कायदा नाही, असे मात्र नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता दिली. संसदेने २०१९ मध्ये केलेल्या कायद्याने भरती, बढती आणि नोकरीच्या इतर बाबींत भेदभावास मनाई केली. प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक केले. पण किती संस्थांनी तो नेमला आहे? जाणाऱ्या कर्मचाऱ्याला त्याचे नाव तरी ठाऊक असते काय?

आणि नोकरी मिळाली म्हणजे सारे झाले, असेही नाही. कोची मेट्रोने २०१७ साली २३ तृतीयपंथीयांना कामावर घेतले. देशभर कौतुक झाले. पण त्यांतील काहींनी थोड्याच दिवसांत नोकरी सोडली, कारण शहरात त्यांना कोणी भाड्याने घर देईना. काम मेट्रोने दिले होते, ते हिरावले घरमालकांनी.

म्हणूनच हा लढा केवळ न्यायालयाचा नाही. येथे बसलेल्यांपैकी कोणी शाळेच्या संचालक मंडळावर आहेत, कोणी सहकारी बँकेत अधिकारी, कोणी गृहनिर्माण संस्थेचे पदाधिकारी. अर्ज आला तर पात्रता पाहिली जाईल काय? मुलाखतीत शरीराविषयी प्रश्न विचारले जाणार नाहीत ना? डबा खाताना शेजारची खुर्ची रिकामी राहणार नाही ना? भाडेकरू म्हणून सभासद त्यांना स्वीकारतील काय? याची उत्तरे दिल्लीहून येणार नाहीत.

विराटपर्वाचा शेवट आठवावा. कौरवांनी मत्स्यदेशाच्या गायी पळविल्या तेव्हा राजपुत्र उत्तराचा रथ बृहन्नडेने हाकला आणि गायी परत आणल्या. राजाने वेषाकडे पाहून दार लावले असते, तर ते गोधन गेलेच होते.